विजापूरची प्लेगची साथ (१६८८)

विजापूरची प्लेगची साथ ही मुघल बादशहा औरंगजेब याच्या दख्खन मोहिमेदरम्यान नोव्हेंबर १६८८ मध्ये विजापूर शहरात व तेथील शाही छावणीत पसरलेली महामारी होय. मुघल साम्राज्याच्या उत्तरकाळातील ऱ्हासाची चर्चा करताना या साथीचा उल्लेख क्वचितच होतो.

== पार्श्वभूमी ==
औरंगजेबाने सप्टेंबर १६८६ मध्ये आदिलशाही आणि पुढच्याच वर्षी कुतुबशाही बुडवली. १६८८ च्या मार्च महिन्यात तो विजापूरला परतला. दीर्घ वेढ्यामुळे या प्रदेशाची आधीच धूळधाण झाली होती. त्यात सैनिक, बाजारबुणगे व जनावरे यांनी गजबजलेली छावणी तेथे पडली.

== स्वरूप ==
रोग्याच्या काखेत किंवा जांघेत गाठ येई, तीव्र ताप चढे व शुद्ध हरपे. यावरून हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे गाठीचा प्लेग होता, असे मानले जाते. बरेच रोगी दोन दिवसांतच दगावत. मृतांत बादशहाची पत्नी औरंगाबादी महल, फाजिलखान सदर आणि जसवंतसिंह राठोड यांचा पुत्र म्हणून जनानखान्यात वाढवलेला मुहम्मदी राज यांचा समावेश होता. (राठोडांच्या मते तो तोतया होता, खरा वारस अजितसिंह मारवाडात सुरक्षित होता.) हैदराबादच्या पहिल्या निजामाचा पिता गाजीउद्दीन खान फिरोज जंग वाचला, परंतु त्याची दृष्टी कायमची गेली. सामान्य मृतांचा आकडा सुमारे एक लाख सांगितला जातो; तो मोजणीचा नसून अंदाजाचा समजावा. साथ सुरू असतानाच डिसेंबरच्या मध्यास औरंगजेबाने विजापूर सोडले व तो अकलूजकडे निघाला.

== परिणाम ==
साथीने मोहीम थांबली नाही. अवघ्या दोन महिन्यांत, १ फेब्रुवारी १६८९ रोजी, कोल्हापुरास असलेल्या मुकर्रबखानाने सह्याद्री ओलांडून संगमेश्वर येथे छत्रपती संभाजी महाराजांना कैद केले. म्हणून साम्राज्याच्या पतनाचे कारण केवळ या साथीत शोधणे चुकीचे ठरेल. मात्र छावणीत माणसे व जनावरे यांची झीज पुढेही चालूच राहिली. १७०२ ते १७०४ या काळात दख्खनमध्ये दुष्काळ व रोगराईने वीस लाखांहून अधिक लोक मेल्याचे इटालियन प्रवासी निकोलाओ मनुची याने लिहिले आहे. लांबलेल्या युद्धाचा खर्च, ओस पडलेली गावे आणि न मिळणारा महसूल यांच्या जोडीला ही मनुष्यहानी होती.

== गगनबावडा परिसर ==
राजाराम महाराज जिंजीस गेल्यावर महाराष्ट्रातील प्रतिकाराची धुरा हुकूमतपनाह रामचंद्रपंत अमात्य यांनी सांभाळली. पन्हाळा आणि विशाळगड हे त्या लढ्याचे प्रमुख आधार होते. मराठ्यांकडे एकवटलेली शाही छावणी नव्हती. त्यांच्या तुकड्या लहान, वेगवान आणि विखुरलेल्या होत्या. गगनगडाच्या पायथ्याचे बावडा, जेथून करूळ व भुईबावडा घाट कोकणात उतरतात, पुढे कोल्हापूर संस्थानात रामचंद्रपंतांच्या वंशजांची, पंत अमात्य बावडेकरांची, जहागीर म्हणून राहिले.