नंदी का फिरला नाही

औंढ्याला सहल नेली की गाभाऱ्यात उतरण्याआधी मी मुलांना देवळाच्या मागच्या अंगाला न्यायचो. नंदी तिथं आहे. महादेवाचा नंदी देवासमोर असतो, हे जिंतूर तालुक्यातल्या पाचवीच्या पोरालाही ठाऊक असतं; त्यामुळं कुणीतरी विचारायचंच, आणि मग गोष्ट निघायची. नामदेव महाराज देवळापुढं कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी हटकलं, मागं जा म्हणाले. नामदेव मागं गेले, टाळ पुन्हा वाजू लागले, आणि देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. नंदी मात्र होता तिथंच राहिला.

ही गोष्ट नुसती आमच्या भागातली नाही. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि देऊळ फिरल्याचा उल्लेख त्यांतही येतो. औंढ्याची कथा पार पंजाबात पोचली, याचं मला फार कौतुक वाटतं.

मी सहली न्यायचो तेव्हा औंढा परभणी जिल्ह्यातच होतं. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. एका सहलीत सातवीतल्या एका मुलीनं हात वर केला. "सर, देऊळ फिरलं तर नंदी का नाही फिरला?" मी म्हणालो, "नंदी देवळाला जोडलेला नव्हता ना, म्हणून." ती जराशी थांबली आणि म्हणाली, "मग बरं झालं. तो पण फिरला असता तर देऊळ फिरलं हे आपल्याला कळलंच नसतं."

त्यानंतर आम्ही गाभाऱ्यात उतरलो. वाट अरुंद आहे, वाकून एकेकानं खाली जावं लागतं. दगडाला कायम ओल, बेलाच्या पानांचा आणि तेलवातीचा वास. त्या अंधारात पिंडीसमोर हात जोडून उभा असतानाही तिचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

त्याचा अर्थ मला २००२ साली लागला. डेव्हिड मेरिट आणि रॉन एकर्स या दोन शास्त्रज्ञांनी त्या वर्षी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात एनजीसी ३२६ या दीर्घिकेचं रेडिओ लहरींनी घेतलेलं चित्र होतं. फुलीसारखं. एका रेषेत दोन झोत, आणि त्यांना आडवे, फिकट असे आणखी दोन पंख. ते फिकट पंख पाहिले आणि मला नंदी आठवला.

थोडं मागं जाऊन सांगतो. आकाशातून रेडिओ लहरी येतात हे कार्ल जान्स्की यांनी १९३३ च्या सुमारास दाखवलं. पुढं १९५३ मध्ये इंग्लंडातल्या जॉड्रेल बँक वेधशाळेत रॉजर जेनिसन आणि आपले मृणाल कुमार दासगुप्ता यांनी हंस तारकासमूहातला सिग्नस-ए हा स्रोत तपासला. त्यांना आढळलं, की लहरी येतात त्या एका ठिकाणाहून नव्हे, दोन ठिकाणांहून, आणि दीर्घिका बसली आहे त्या दोहोंच्या मध्ये. रेडिओ दीर्घिकांच्या साऱ्या अभ्यासाचा पाया असलेल्या या शोधात एका बंगाली माणसाचा वाटा आहे, हे मी प्रत्येक वर्गाला सांगत आलो.

मधे असतं ते महाकाय कृष्णविवर, सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचं. ते भोवऱ्यासारखं स्वतःभोवती फिरतं, आणि भोवऱ्याची आर ज्या रेषेत असते त्या रेषेत, दोन्ही बाजूंनी, प्रकाशाच्या जवळपास वेगानं झोत सुटतात. ते लाखो प्रकाशवर्षं लांब जातात. मार्टिन रीस यांनी १९७८ मध्ये मांडलं, की एवढ्या जड भोवऱ्याची आर सहजासहजी हलत नाही, म्हणूनच झोत इतका काळ सरळ राहतात. पण त्याआधीच, १९७४ मध्ये, ३सी ३१५ या दीर्घिकेचा विचित्र आकार नोंदवला गेला होता, आणि १९७८ मध्येच एकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनजीसी ३२६ चं चित्र छापलं. फुली असेल तर आर हलली असलीच पाहिजे. मग इतकी जड वस्तू हलवली कुणी?

२००२ च्या निबंधाचं उत्तर होतं: दुसऱ्या कृष्णविवरानं. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळतात, त्यांची कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत एक होतात, आणि त्या क्षणी नव्या कृष्णविवराचा अक्ष भलतीकडं वळू शकतो. नवे झोत नव्या दिशेला सुटतात. जुने पंख मागं उरतात, देऊळ कुठं तोंड करून होतं हे सांगत.

आमच्या मुलांना मी हे शेतातल्या पाण्यावरून समजावतो, कारण दारं धरायला त्यातला प्रत्येक जण कधी ना कधी गेलेला असतो. दंडातून पाणी एका सरीत चाललंय. ती भिजली की फावड्यानं माती ओढून तिचं तोंड बंद करायचं आणि दुसरी सरी फोडायची. पाणी वळलं, तरी पहिली सरी लगेच वाळत नाही. वरची ओल आधी जाते, खालची टिकते. रेडिओ पंखांचंही तसंच. झोत बंद झाला की त्यातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सरत जाते, आधी वरच्या कंप्रतेच्या लहरी मंदावतात, खालच्या कंप्रतेच्या पुष्कळ काळ दिसत राहतात. म्हणून शिळा पंख ओळखायचा तर खालच्या कंप्रतेची दुर्बीण हवी.

तशी दुर्बीण महाराष्ट्रात आहे. तिच्यामागं गोविंद स्वरूप यांचं आयुष्य आहे. ते १९६३ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ऑस्ट्रेलियातून आणलेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या त्यांनी १९६५ मध्ये कल्याणजवळ उभ्या केल्या. मग उटीला, १९७० मध्ये, ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण बांधली. तिच्यासाठी त्यांनी असा डोंगर शोधला, की ज्याचा उतार तिथल्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश आहे. त्यामुळं उतारावर निजवलेल्या दुर्बिणीचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. एका अक्षाभोवती फिरवून साडेनऊ तास एका ताऱ्यामागं जाता येतं. यंत्रं महाग होती, म्हणून त्यांनी डोंगरच कामाला लावला. अशी बुद्धी फार थोड्यांना असते.

नंतर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण झाली: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरांत पसरलेल्या. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आम्ही रातोरात गाडी करून मुलांना तिथं नेलं होतं. मोबाइल बंद ठेवायला सांगतात. जवळून पाहिलं तर तबकडी भरीव नाही; बारीक तारांची जाळी ताणून बसवलेली आहे, तिच्यातून वारा जातो आणि पलीकडचं आभाळ दिसतं. पोरं म्हणाली, "सर, ही तर चाळण आहे."

या चाळणीनं फुलीच्या गोष्टीला धक्का दिला. पुण्याचे धरम वीर लाल आणि ए. प्रमेश राव यांनी फुलीच्या आकाराच्या दीर्घिका २४० आणि ६१० मेगाहर्ट्झला पाहिल्या आणि २००५ व २००७ मध्ये निष्कर्ष छापले. काही दीर्घिकांचे पंख अपेक्षेप्रमाणं शिळे निघाले. काहींचे पंख आणि झोत सारखेच होते. आणि ३सी २२३.१ सारख्या काहींत उलटंच: ज्याला आपण जुनी सरी म्हणतो तीच नव्या सरीपेक्षा ओली! कदाचित एकमेकांजवळ दोन कृष्णविवरं असतील आणि दोघांचेही झोत चालू असतील, असं त्यांनी सुचवलं.

दुसरी मतंही आहेत. पाणी बांधाला धडकून मागं फिरतं आणि आडव्या सरीत शिरतं, तसा झोतातला पदार्थ मागं येऊन बाजूला पसरत असेल. तिथं अक्ष हलायची गरजच नाही. पुण्याचेच गोपाल-कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं, की आत शिरणाऱ्या दुसऱ्या दीर्घिकेचा फिरता वायू विलीनीकरणाआधीच झोत वाकवत असावा. २०१९ मध्ये तर खुद्द एनजीसी ३२६ चे पंख युरोपातल्या लोफार दुर्बिणीनं पुन्हा पाहिले गेले, आणि दीर्घिकांच्या समूहातल्या वायूच्या हालचालींनीच ते घडवले असावेत, असं त्या अभ्यासकांना वाटलं. ज्या चित्रावर माझी नंदीची उपमा उभी होती, तेच चित्र डळमळलं. मला त्याचं वाईट वाटलं, हे खरं सांगतो. मग २०२२ मध्ये गोपाल-कृष्ण आणि प्रतीक दाभाडे यांनी ३सी २२३.१ पुन्हा तपासली. तिचे पंख खरोखरच ताजे ठरले. दाभाडे हे आडनाव वाचून मी ती बातमी शाळेच्या फलकावर लावायला पाठवली.

कृष्णविवरं एकमेकांत विलीन होतात, याबद्दल मात्र आता शंका उरली नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेनं सूर्याच्या ३६ आणि २९ पट वजनाच्या दोन कृष्णविवरांच्या मिलनाची थरथर टिपली. तशीच वेधशाळा, चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजांची, औंढ्याजवळ दुधाळ्याला होणार आहे. केंद्रानं २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. फुलीच्या दीर्घिकांमधली महाकाय विवरं तिला ऐकू येणार नाहीत, त्यांचा सूर फार खालचा. त्यासाठी खोडदच्या तबकड्या स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांवर वर्षानुवर्षं कान ठेवून आहेत, आणि जून २०२३ मध्ये जगभरच्या गटांबरोबर भारतीय गटानंही त्या खालच्या गुंजनाचा पुरावा मिळाल्याचं जाहीर केलं.

यंदा नातीला घेऊन औंढ्याला गेलो. देवळाचं खालचं नक्षीचं दगडी काम यादवकाळातलं, वरचा भाग नंतर बांधलेला, हे दाखवलं. मग मागं नेऊन देऊळ फिरल्याची गोष्ट सांगितली. ती नंदीभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "आजोबा, पण नंदी आधीपासून इथंच होता, हे कुणी पाहिलं?"

मी पिशवीतून ३सी २२३.१ चं चित्र काढलं आणि पायरीवर तिच्या शेजारी बसलो.