बनियन : गंजी नव्हे, अंगठ्याची गोष्ट

नाव वाचून दोरीवर वाळत घातलेली गंजी आठवली असेल, तर हरकत नाही. डॉक्टर ज्याला बनियन म्हणतात ते वेगळं. पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो आणि त्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा बाहेर येतो.

दुखणं जुनंच आहे. केंब्रिजमध्ये सापडलेल्या 177 मध्ययुगीन सांगाड्यांचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. 11व्या ते 13व्या शतकातल्या 6 टक्के लोकांमध्ये हा दोष दिसला, 14व्या-15व्या शतकात थेट 27 टक्के! मधल्या काळात टोकदार बुटांची फॅशन आली होती. ती इतकी वाढली, की 1463 साली इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याने बुटाच्या टोकावर दोन इंचांची मर्यादा घातली.

ऑपरेशनचा इतिहास मात्र अलीकडचा. 1870-71च्या सुमारास जर्मन सर्जन कार्ल ह्यूटर यांनी याला ‘हॅलक्स व्हॅल्गस’ हे नाव दिलं. त्यांचा उपाय सरळ होता : सांध्यातलं मागच्या हाडाचं डोकंच काढायचं. 1904मध्ये अमेरिकन लष्करातले डॉक्टर विल्यम केलर यांनी ते डोकं राखून पुढच्या, म्हणजे अंगठ्याच्या हाडाचा बुडखा काढला. दुखणं कमी व्हायचं, पण अंगठा आखूड आणि कमजोर व्हायचा. चालताना भार शेजारच्या बोटांवर जायचा.

मला खरा पेच इथे दिसतो. नुसता उंचवटा तासला, तर हाडांचा कोन तसाच राहतो आणि दुखणं परत येऊ शकतं. मग शोध मागे मागे सरकत गेला. 1928मध्ये अर्ल मॅकब्राइड यांनी अंगठ्याला ओढणारा स्नायूच सोडवून मागच्या हाडाला जोडला. 1934मध्ये न्यूयॉर्कचे पॉल लॅपिडस आणखी मागे गेले. हाड मुळापासूनच तिरकं आहे, म्हणून त्यांनी पायाच्या मध्यावरचा सांधा सरळ करून कायमचा जोडून टाकला. 1962मध्ये डेल ऑस्टिन यांनी हाडाला ‘व्ही’सारखा काप देऊन डोकं जागेवर सरकवलं. हेच आजचं शेव्हरॉन ऑपरेशन.

आज शंभराहून जास्त पद्धती आहेत, कारण सगळे पाय एकाच कारणाने बिघडत नाहीत. कुणाला बूट नडतो, कुणाला आनुवंशिकता, कुणाचा सांधाच सैल असतो. म्हणून घरात कुणाला हा त्रास असेल, तर ‘सगळ्यात भारी ऑपरेशन कुठलं?’ असं विचारू नका. ‘या पायात हाड नेमकं कुठून तिरकं झालंय?’ हे विचारा. आणि दुखतच नसेल, तर फक्त पाय सुंदर दिसावा म्हणून सुरीखाली जाऊ नका. आधी रुंद बूट घ्या!