जवारी: मळ्यातली आणि घोडीवरची

मिरजेच्या भाजी मंडईत ‘जवारी’ म्हटलं की मागे एखादी भाजी येते. जवारी काकडी, जवारी लसूण, जवारी कोथिंबीर. आकाराने बेढब, दिसायला सुमार, भावाला चढी, पण ‘वास बघा की’ म्हणून विकणारी बाई समोर धरते ती. त्याच मिरजेत सतारमेकर गल्लीत ‘जवारी’ म्हणाल तर कुणी कोथिंबिरीकडे बघणार नाही. तिथे जवारी काढतात, उघडतात, बंद करतात. आणि दोन्ही ठिकाणांहून घरी आल्यावर ताटात जी भाकरी पडते ती ज्वारीची. शिष्ट लेखनात ‘ज्वारी’, पण बोलताना कितीतरी तोंडी ‘जवारी’च. इकडे शाळू म्हणायची रीत जास्त, ही गोष्ट वेगळी.

एका शब्दाचे तीन अर्थ दिसले की त्यांचं मूळ एकच असणार असं मनाला उगीच वाटतं. मग कुणीतरी सांगतो की जवारी म्हणजे अस्सल. धान्य अस्सल, भाजी अस्सल, तंबोऱ्याचा नादही अस्सल. ऐकायला छान आहे. मला ते पटत नाही.

धान्याचं आधी बघू. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. ती इथे आली तेव्हा तिला नाव द्यायला जुनं धान्य हाताशी होतं, ते म्हणजे यव, आपले जव. संस्कृतात ज्वारीला यवनाल किंवा यावनाल म्हणतात, त्यात ‘यव’ सरळ दिसतो. आपली ज्वारी, हिंदीतली ज्वार आणि गुजरातीतली जुवार याच कुळातल्या. हा यव फार लांबचा प्रवासी. अवेस्तात तो यव आहे, फारसीत ‘जव’च आहे, आणि दूर बाल्टिक किनाऱ्यावर लिथुआनियन माणूस धान्यमात्राला ‘यवइ’च्या जवळपासचा उच्चार करतो. गंमत अशी, की ज्या जवावरून ज्वारीचं नाव पडलं तो आपल्या ताटातून जवळपास गेला आणि उसन्या नावाची ज्वारी मात्र घरची झाली.

आता भाजी. म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, म्हणजे कर्नाटक. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडात ‘जवारी’ म्हणजे देशी, गावठी, इथल्या मातीतलं. जवारी कोळी म्हणजे गावरान कोंबडी. (कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी; मराठी माणूस आधी मासेमार आठवतो, मग भिंतीवरचा कोळी.) संकेश्वरी जवारी मिरची तर आपल्याकडे मसाल्याच्या दिवसांत नाव घेऊन मागतात. हा अर्थ मराठीत वर पुण्याकडे सरकत गेला की विरत जातो, तिथे ‘गावरान’ राज्य करतो. म्हणजे ही जवारी सीमेवरची.

कन्नडात तिला हा अर्थ पेलता कसा आला, याचं एक कारण मला सुचतं. कन्नडात ज्वारीच्या धान्याला जवारी म्हणतच नाहीत, तिथे ते जोळ. तेलुगूत जोन्न, तमिळात चोळम. धान्याच्या कामातून शब्द मोकळा असल्यामुळे तो विशेषण म्हणून हवा तसा फिरू शकला. मराठीत ‘ज्वारी’ पोत्यात भरून बसलेली. तिला कोंबडीच्या मागे विशेषण लावलं असतं तर दाणे टिपणारी कोंबडी डोळ्यांपुढे आली असती. पुढे 1964 साली सीएसएच-1 हे ज्वारीचं भारतातलं पहिलं संकरित वाण आलं आणि ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. इतका, की ‘हायब्रीडची भाकरी’ म्हटलं तरी धान्याचं नाव सांगावं लागेना. हायब्रीड आल्यावर तिच्या समोर उभं करायला ‘जवारी’ आणि ‘गावरान’ या शब्दांना भलताच जोर आला. त्याआधी सगळंच जवारी होतं, सांगायची गरज काय होती?

राहिली तंबोऱ्याची. मिरजेत तंतुवाद्यांचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झालं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या फरीदसाहेबांपासून ही परंपरा मोजतात. शस्त्रांचं काम कमी झालं आणि हत्यारांवर बसलेला हात भोपळ्याकडे वळला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा, दांडी, खुंट्या, मणी हे सगळं जमलं तरी वाद्य बोलत नाही. ते बोलतं घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर. घोडीचा माथा रुंद असतो आणि त्याला अगदी बेताचा उतार असतो. तार त्या उतारावरून निघताना पृष्ठभागाला चाटत कंप पावते, म्हणून एका स्वरातून स्वरांचा घोळका उठतो; हीच ती जवारी. कारागीर कानस मारतो, घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तारेखाली सरकवलेला दोरा केसभर इकडेतिकडे झाला की नाद मिटतो किंवा खुलतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांना या घोडीने 1921 साली शोधनिबंध लिहायला लावला. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद पडतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा तारेच्या कंपनाचा नियम. तंबोरा आणि वीणा तो पाळत नाहीत, असं त्यांना आढळलं.

या जवारीचं मूळ मी धान्यात शोधणार नाही. हिंदीत ‘जिवारी’ असंही रूप चालतं आणि ते जास्त बोलकं आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त एकतंत्री वीणेचं वर्णन केलं आहे. तिथे तार आणि धातूची पट्टी यांच्यामध्ये नाद खुलवायला एक बारीक तुकडा घालायला सांगितला आहे, आणि त्याचं नाव ‘जीवा’. आज दोरा जे काम करतो तेच. जीवापासून जिवारी, जिवारीपासून जवारी, हा रस्ता मला सरळ वाटतो. वाद्यात जीव येतो म्हणून जिवारी, असंही सांगितलं जातं. ते भावनेला धरून आहे, पण शार्ङ्गदेव हाताशी असताना त्याची गरज नाही.

संस्कृतात जीवा म्हणजे धनुष्याची दोरीही. भूमितीच्या पुस्तकातली वर्तुळाची जीवा तीच. हा गणितातला शब्द अरबीत ‘जीबा’ म्हणून गेला. स्वरचिन्हं न लिहिण्याच्या रीतीमुळे पुढे तो ‘जैब’, म्हणजे अंगरख्याची घडी किंवा खिसा, असा वाचला गेला. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर झालं ‘सायनस’, आणि त्यातून शाळेतलं साइन आलं. हिंदीतली ‘जेब’ त्याच जैबची. तेव्हा तंबोऱ्याच्या जवारीचं नातं लावायचंच असेल तर ते शाळूच्या कणसाशी लावण्यापेक्षा त्रिकोणमितीच्या तक्त्याशी लावलेलं बरं.

मिरजेत दोन्ही शब्द शेजारी नांदतात आणि क्वचित एकमेकांच्या पायात येतात. गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, 1937 साली गेले, आणि इथल्या दर्ग्याच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणी होतात. त्या मैफलीत कुणी एखाद्या गायकाला ‘जवारीदार गळा’ म्हणाला तर ती मोठी दाद. कागवाडहून आलेल्या श्रोत्याच्या कानाला मात्र ‘जवारी’ म्हणजे गावंढळ; त्याच्याकडे जवारी भाषा म्हणजे रांगडी बोली. त्याने मान डोलावली तरी नेमकी कशाला, हे विचारून घ्यावं.