गोरोबांची शपथ आणि विठ्ठलाचे पूर्वज्ञान

धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांचे आख्यान महिपतींनी ‘भक्तविजया’त (१७६२) सांगितले, तेव्हा ते श्रोत्यांना अपरिचित नव्हते. नाभाजी आणि उद्धवचिद्घन या पूर्वसूरींचे ऋण तर स्वतः महिपतीच मान्य करतात. म्हणजे शेवट निवेदकाला ठाऊक, श्रोत्याला ठाऊक, विठ्ठलाला तर ठाऊकच. अनभिज्ञ एकटे गोरोबा. ईश्वराला सारे आधीच ज्ञात असेल तर मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याला अर्थ काय उरतो, हा तत्त्वज्ञांचा प्रश्न येथे कथनाच्या रचनेतच गुंतलेला आहे.

भजनात तल्लीन होऊन चिखल तुडविताना गोरोबांच्या पायांखाली त्यांचे तान्हे मूल जाते. आक्रोश करणाऱ्या पत्नीवर ते धावून जातात, तेव्हा ती ‘मला शिवाल तर विठ्ठलाची आण’ अशी शपथ घालते. पुढे तिच्या बहिणीशी त्यांचा विवाह होतो. दोघींना सारखे वागवा, ही सासऱ्याची शपथ असल्यामुळे तोच नियम धाकटीलाही लागू होतो. एका रात्री दोघी झोपलेल्या गोरोबांचे हात आपल्या अंगावर ठेवतात, आणि जागे झाल्यावर गोरोबा ते हातच तोडून टाकतात. स्पर्शात संकल्प नव्हता. तोडण्यात तो पूर्णांशाने आहे. पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात हात परत येतात, मूलही रांगत येते. हे गोरोबांना आधी कळले असते, तर हात तोडणे हा निव्वळ उपचार ठरला असता.

सहाव्या शतकात बोएथियसने असे प्रतिपादिले की, पाहणाऱ्याच्या पाहण्याने घटना अटळ होत नाही. थापटण्याने संतांची डोकी पारखून नामदेवांना कच्चे ठरविणारे गोरोबा याच बाजूचे साक्षीदार म्हणता येतील: मडके कच्चे म्हणून तसा नाद येतो, नादामुळे ते कच्चे राहत नाही. मात्र हा दाखला पुरता टिकत नाही. थापटणे भाजणीनंतरचे, ईश्वराचे ज्ञान माती कालविण्याआधीचे. बोएथियस म्हणूनच ईश्वराला काळाबाहेर ठेवतो. आणि कीर्तनातील श्रोता काही अंशी तेथेच बसलेला असतो. शेवट ठाऊक असूनही हात तुटताना त्याच्या काळजात चर्र होतेच, कारण आपल्या जाणण्याने ते तुटत नाहीत, हे तो जाणतो.

हे समाधान गोरोबांपुरते आहे. मुलाने काहीच निवडले नव्हते. महिपती ते आईच्या पदरात परत घालतात. पण ते चिखलात जाताना विठ्ठल पाहत होता काय, हा प्रश्न, माझ्या मते, त्या पदरातही शिल्लकच राहतो.