गावाचं पाणी तपासतं कोण? नाशिकच्या गावांतल्या किटपासून रामकुंडापर्यंत

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या या तालुक्यांत पाऊस धो धो पडतो, तरी मे महिन्यात विहिरी तळाला जातात. मग पहिला जोरदार पाऊस येतो आणि आजूबाजूची घाण घेऊन वाहणारं पाणी त्याच विहिरींत उतरतं. टंचाई संपते, पण जुलाब आणि काविळीचा धोका नेमका याच दिवसांत वाढतो. अशा वेळी नमुना तालुक्याला किंवा जिल्ह्याला पाठवून अहवालाची वाट बघत बसणं गावाला परवडत नाही.

म्हणून गावातच तपासणी करायची, अशी व्यवस्था आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या किमान पाच महिलांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. त्यांच्या हातात येतं ते फिल्ड टेस्ट किट, म्हणजे छोट्या बाटल्या, रसायनं आणि रंगांचा तक्ता असलेली एक पेटी. पीएच, गढूळपणा, क्षारता, नायट्रेट, फ्लोराईड, लोह, क्लोरीन अशा गोष्टींचा अंदाज त्यातून येतो.

बाटली काळी पडली तर?

जंतूंसाठी वेगळी बाटली असते, एचटूएस व्हायल. तिच्यात पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायचं. काळं पडलं, तर पाण्यात मैला मिसळला असण्याची दाट शक्यता. ही सोपी चाचणी १९८२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच मांडली. जंतू नेमके किती आहेत, हे मात्र ती सांगत नाही. खात्री करायची तर प्रयोगशाळाच लागते.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० याबाबत कडक आहे. १०० मिलीलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू एकही सापडता कामा नये.

बचावाचा रोजचा मार्ग म्हणजे टीसीएल, गावाकडच्या भाषेत ब्लिचिंग पावडर. ती टाकीत टाकली म्हणजे काम झालं असं नाही. तिच्यात किमान २० टक्के क्लोरीन असावा लागतो, आणि पोतं ओलसर खोलीत उघडं पडलं तर तो उडून जातो. गावातल्या शेवटच्या नळालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. त्यामुळे टाकीजवळच्या घरात तपासणी करून मोकळं होणं म्हणजे निव्वळ कागद रंगवणं.

उकळून सगळंच जातं का?

नाही. जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि ती ओलांडली तर सर्वात जास्त धोका तान्ह्या बाळांना असतो. रासायनिक खतांचा आणि शेणखताचा भरपूर वापर असलेल्या शेतांजवळच्या विहिरींत ही तपासणी टाळू नये. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात तर नाहीच.

हिरवं कार्ड म्हणजे शुद्ध पाणी?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. महाराष्ट्रात आरोग्य विभाग पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रामपंचायतींना हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. हे कार्ड जोखमीचं असतं. गळके व्हॉल्व्ह, विहिरीभोवतीची घाण, टीसीएलचा साठा, आधी आलेली साथ असं सगळं बघून ते ठरतं. आज तुमच्या हंड्यात आलेल्या पाण्याचा तो अहवाल नव्हे.

आणि गोदावरी?

शहरात असं किट घेऊन घाटावर कोणी उभं नसतं. तिथे दबाव आला तो कोर्टाच्या वाटेने. गोदावरीच्या प्रदूषणावर २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. पुढे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे आले. त्यातले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक. सोमेश्वरपासून पुढचा गोदावरीचा पट्टाही त्यात होता.

नदीचे आकडे वाचताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. 'स्नानयोग्य' पाण्यात १०० मिलीलिटरमागे ५०० पर्यंत मैलाजन्य जंतू असावेत ही अपेक्षा असते, आणि कमाल २५०० चालतात. रामकुंडावर लोक नुसती डुबकी मारत नाहीत, तीर्थ म्हणून ओंजळीतलं पाणी पितातही. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत पाणी 'स्नानयोग्य' असल्याचं सांगितलं गेलं, तरी ते पिण्यायोग्य आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

तुम्ही काय करू शकता?

सरकारी पाणी प्रयोगशाळांत सामान्य नागरिकही शुल्क भरून पाणी तपासून घेऊ शकतात. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या आणि नमुना थंड ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवा. गावात असाल तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा: किटने शेवटची तपासणी कधी झाली, कोणत्या नळावर झाली, आणि बाटली काळी निघाल्यावर पुढे काय केलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारखेसकट मागा. नियमाप्रमाणे रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, व्हायलाच हवी.