१४ ऑगस्ट : खेळण्यातले चुंबक

मॅटेल या अमेरिकी कंपनीने २००७ मध्ये आजच्या दिवशी चुंबक बसवलेली सुमारे १ कोटी ८२ लाख खेळणी जगभरातून परत मागवली. हे बारीक पण जोरदार चुंबक सुटून पडत. मुलाने दोन-तीन गिळले, की ते आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटते आणि आतड्याला भोक पडते. सुरुवातीला साधी पोटदुखीच वाटते, म्हणून हा धोका फार वाईट. शिसेयुक्त रंगाच्या ४ लाख ३६ हजार खेळण्यातल्या मोटारीही त्याच दिवशी माघारी बोलावल्या गेल्या. बरोबर वर्षाने, १४ ऑगस्ट २००८ रोजी, अमेरिकेत मुलांच्या वस्तूंची त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची करणाऱ्या कायद्यावर सही झाली. ही सही खूप आधी व्हायला हवी होती. त्या कायद्याने रंगातील शिशाची मर्यादा दहा लाख भागांमागे ६०० वरून ९० वर आणली.