समुद्र नसलेल्या गावातील मासळी

इंदुरात नव्याने बदलून आलेला कोकणातला अधिकारी असो, की दिवाळसणासाठी मुंबईहून आलेला जावई, दोन-चार दिवसांत त्याच्या तोंडून एक प्रश्न हमखास निघतो: ‘इथे चांगली मासळी कुठे मिळते?’ आमच्या लहानपणी या प्रश्नाला घरातली वडील मंडळी हसून उत्तर देत, ‘मुंबईला.’ उत्तर विनोदाचे असले तरी खोटे नव्हते. परंतु त्यावरच थांबले तर एक मोठा इतिहास नजरेआड राहतो. समुद्रापासून शेकडो मैल दूर, पठारावर वसलेल्या या शहरात मासळी खाणारी मराठी घरे दोन शतकांहून अधिक काळ नांदत आहेत. त्यांनी इतकी वर्षे काय खाल्ले, ते कोठून आणले, आणि आज या शहरात मासळीचे जेवण शोधणाऱ्याने काय पाहावे, याचा थोडा विचार येथे करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, मराठी फौजांबरोबर उत्तरेकडे आलेले सगळेच काही मत्स्याहारी नव्हते. देशस्थ आणि चित्पावन घरांतून मासळीचा प्रश्नच नव्हता. देशावरच्या मराठा घराण्यांत मांसाहार होता, पण तो मुख्यतः मटणाचा. समुद्राची खरी ओढ होती ती कायस्थ प्रभू आणि सारस्वत कुटुंबांना. या कुटुंबांचे स्थान मात्र संख्येपेक्षा मोठे होते. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर सारस्वत होते. महादजींच्या पदरी नावारूपास आलेले जिवबादादा बक्षी हे मूळचे पेडणे महालातील केरीचे. समुद्राची गाज ऐकत वाढलेला हा पुरुष पुढे ग्वाल्हेरच्या दौलतीचा आधारस्तंभ झाला. बडोद्यास गायकवाडांचे दिवाण रावजी आप्पाजी हे प्रभू होते. अशा माणसांच्या मागोमाग त्यांचे भाऊबंद, कारकून आणि आचारी आले, आणि त्यांच्याबरोबर जिभेची सवयही आली.

ही सवय त्यांनी कशी भागवली असेल? रेल्वेपूर्व काळात ताजी समुद्रमासळी माळव्यात पोहोचणे अशक्य होते. बैलांच्या तांड्यांना किनाऱ्यापासून येथवर यायला कित्येक आठवडे लागत. परंतु ज्या वाटांनी वंजाऱ्यांचे तांडे मीठ आणीत, त्या वाटांनी सुकवलेला आणि खारवलेला जिन्नस येण्यास अडचण नव्हती. कोकणच्या किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील वाळत घालण्याची आणि जवळा, सुकट, सोडे उन्हात सुकवण्याची रीत फार जुनी आहे. बोंबलात पाण्याचा अंश इतका असतो की, तो ताजा असा फार काळ टिकतच नाही. सुकल्यावर मात्र महिनोन्‌महिने राहतो. इंग्रज त्याला ‘बॉम्बे डक’ म्हणत. रेल्वेच्या ‘बॉम्बे डाक’ गाडीतून त्याचा वास येई म्हणून हे नाव पडले, अशी एक गोष्ट आवडीने सांगितली जाते. पण आपल्याकडे पहिली आगगाडी धावली १८५३ साली, आणि हे नाव इंग्रजी लिखाणात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासूनच आढळते. तेव्हा गोष्ट रंजक असली तरी सोडून दिलेली बरी.

सुक्या मासळीचा संबंध मिठाशी, आणि मिठाचा सरकारशी. आयुष्य सरकारी नोकरीत गेल्यामुळे आम्हांस या भागाचे विशेष कुतूहल वाटते. इंग्रजी अमदानीत मिठावर जबर कर होता. गरीब कोळ्याला मासळी खारवण्यापुरते मीठही परवडेना, आणि खराब खारवलेली मासळी लोकांच्या पोटात जाऊ लागली. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७३ साली हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातील सागरी मासळीविषयी सरकारला अहवाल दिला. पुढे मद्रास व मुंबई इलाख्यांत किनाऱ्यावर सरकारी आवारे उभी राहिली. तेथे मासळी खारवण्यासाठी मीठ सवलतीने मिळे. माळव्यातल्या एखाद्या घरातील बरणीत पडलेला खारा बांगडा असा कर आणि सवलत यांच्या हिशेबातून वाट काढीत आलेला असे.

यानंतर आली रेल्वे. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० साली जोडला गेला आणि खांडवा त्यावरचे महत्त्वाचे स्थानक झाले. त्याच वर्षी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी आपल्या राजधानीपर्यंत रूळ यावेत म्हणून एक कोटी रुपयांचे कर्ज इंग्रज सरकारला देऊ केले. खांडवा ते सनावद हा टप्पा १८७४ मध्ये सुरू झाला, नर्मदेवरचा पूल १८७६ मध्ये खुला झाला, आणि त्यानंतर लवकरच गाडी घाट चढून इंदुरास आली. पण हा मार्ग मीटर मापाचा होता. मुंबईहून येणारा माल खांडव्यास उतरवून छोट्या गाडीत चढवावा लागे. कापसाच्या गाठींना त्याने फरक पडत नसे. बर्फातल्या मासळीला मात्र खांडव्याच्या फलाटावरची उन्हाळ्यातली दुपार म्हणजे काळच.

बर्फाची कथाही अशीच. मुंबईत बर्फ पहिल्यांदा आला तो १८३४ साली, अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांतून कापून, जहाजात भुसा भरून. तो श्रीमंतांच्या पेल्यासाठी होता, कोळणीच्या पाटीसाठी नव्हे. यंत्राने बर्फ तयार होऊ लागला तेव्हा तो हळूहळू स्वस्त झाला. कुलाब्यास ससून डॉक १८७५ साली बांधला गेला. तो होता कापसाच्या व्यापारासाठी, पण कालांतराने मासळीचे मोठे बंदर म्हणून नावारूपास आला. तरी एवढ्याने माळव्यास ताजी मासळी मिळाली असे होत नाही. धक्क्यावर बर्फ, गाडीत बर्फ, बाजारात शीतगृह आणि दुकानात शीतपेटी अशी अखंड साखळी लागते. तिची एक कडी तुटली की पुढचे सारे व्यर्थ. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये केरळात नॉर्वेच्या साहाय्याने मत्स्यविकासाचा प्रकल्प सुरू झाला, आणि मासळी गोठवण्याचे तंत्र आपल्या किनाऱ्यावर रुजू लागले. परंतु गोठवलेली कोळंबी प्रथम परदेशी गेली. देशाच्या आतल्या शहरांपर्यंत ती यावयास पुढे कित्येक दशके लागली.

आपल्या इतर वस्तीस्थानांची स्थिती थोडी निराळी. बेळगावचे भाग्य थोर. घाट उतरला की गोवा, आणि तिकडची मासळी त्याच दिवशी ताटात. बडोदे शहर समुद्रावर नाही, पण बडोदे संस्थानास ओखामंडळ आणि कोडिनार येथे किनारा होता. सयाजीराव महाराजांनी ओखामंडळच्या समुद्रातील जीवसृष्टीची पाहणी जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करवून घेतली. तिचे वृत्तांत १९०९ आणि १९१६ साली प्रसिद्ध झाले. हैदराबादचे दुःख मोठे. एवढे विस्तीर्ण राज्य, पण किनारा अठराव्या शतकातच इंग्रजांकडे गेलेला. तेथील लोकांनी मग तळ्यातल्या मरळ माशाशी सूत जमवले. २०१६ साली तेलंगणाने त्यालाच राज्याचा मासा ठरवले. ग्वाल्हेर आणि इंदूर मात्र दोन्ही अंगांनी दूर. आमच्या वाट्याला नर्मदा आली. तिच्यातला महाशेर २०११ मध्ये मध्य प्रदेशाचा राज्यमत्स्य झाला खरा, पण तोवर तो नदीत दुर्मीळ होत चालला होता.

आता खाणावळींकडे वळू. मुंबईत मालवणी आणि गोमंतकी जेवणाच्या जागा निर्माण झाल्या, त्यामागे गिरणगाव होते. कुटुंब गावी ठेवून आलेल्या हजारो कोकणी कामगारांना दोन वेळा कालवण-भात हवा होता. इंदुरातही गिरण्या होत्या. तुकोजीरावांनी एकोणिसाव्या शतकातच राज्याची गिरणी काढली, आणि १९०९ साली माळवा मिल आली. परंतु येथील कामगार मुख्यतः उत्तरेकडचा व आसपासच्या मुलखातला. मासळी खाणारा मराठी माणूस कचेरीत, दरबारात, शाळेत. तो घरी जेवणारा. त्यामुळे खाणावळ उभी राहण्यास लागणारे गिऱ्हाईकच नव्हते. त्यात शेजार शाकाहारी. सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाण्यास सारे शहर लोटते. त्याच शहरात आमच्या वाड्यात सोडे भाजायचे झाले की आजी आधी रस्त्याकडची खिडकी लावून घेई. कोणी काही बोलले असेल असे नाही. पण परमुलखात राहायचे तर शेजाऱ्याच्या नाकाचाही मान राखावा, हा तिचा नेम.

हे सोडे आमच्याकडे वर्षातून एकदा येत. अलिबागकडचे नातलग उन्हाळ्यात येताना खांडव्यास गाडी बदलून, कालाकुंडच्या कलाकंदाचे द्रोण हाती आणि सोड्यांचा डबा पिशवीच्या तळाशी, असे घरी पोहोचत. आजी ते मोजून बरणीत भरी. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी सोड्याची खिचडी होई, आणि त्या दिवशी वाड्यात सण असे.

पुढे दिवस पालटले. १९८४ मध्ये इंदुरास अणुऊर्जा खात्याचे संशोधन केंद्र आले, १९९६ मध्ये व्यवस्थापन संस्था आणि २००९ मध्ये आयआयटी. केरळ, बंगाल, आंध्र अशा सर्व किनाऱ्यांची माणसे येथे राहू लागली. मुंबईहून रात्री निघालेली अवंतिका एक्सप्रेस सकाळी इंदुरास येते. विमानास तर सव्वा-दीड तास पुरतो. मोठमोठ्या भोजनगृहांच्या पत्रिकांवर पापलेट, सुरमई, खेकडे झळकू लागले. आम्हीही हुरळलो. निवृत्तीच्या वर्षी घरच्या मंडळींना घेऊन अशाच एका झगमगत्या जागी गेलो आणि तळलेले पापलेट मागवले. मसाल्याचा थर जाड, आणि तो बाजूला सारताच नवसागरासारखा दर्प. वाढप्याला विचारले तर म्हणाला, ‘आजच आलंय, साहेब.’ तो जुलै महिना होता.

जुलैचे महत्त्व वाचकांच्या ध्यानात यावे. पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर ती एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. तेव्हा पावसाळ्यात ‘आजचे मुंबईचे पापलेट’ असे कोणी म्हणाले तर सावध व्हावे. दर्पाचे कारणही शास्त्राने सांगितले आहे. समुद्री माशांच्या मांसात एक नत्रयुक्त द्रव्य असते. मासा मेल्यावर जंतू त्याचे रूपांतर वासाच्या द्रव्यात करतात. गोड्या पाण्यातल्या माशांत ते जवळजवळ नसतेच. आपल्या आजी-पणज्या कोकम, चिंच, कैरी घालीत त्यात मोठे शहाणपण होते, कारण आंबटाने हा वास दबतो. पण शिळेपणा आंबटाने जात नाही. डोळे फुगीर व तकतकीत, कल्ले लाल, बोटाने दाबलेले मांस लगेच वर येणारे, या तीन खुणा इंदुरातही तितक्याच खऱ्या. सुरमई, रावस, कोळंबी नीट गोठवली तर लांबचा प्रवास सोसतात. ताजा बोंबील आणि तेलकट तारली किनाऱ्यावरच खावी.

यानंतर दोन वर्षांनी आमच्या आत्याबाई आजारातून उठल्या. वय अठ्ठ्याऐंशी, तोंडाला चव नाही. एके दिवशी म्हणाल्या, ‘पापलेटाचं कालवण खावंसं वाटतंय रे.’ आम्ही शहर पालथे घातले. अखेर एक मल्याळी गृहस्थ सापडले. त्यांची खानावळ लहान, चार टेबलांची. त्यांनी सरळ सांगितले, ‘माझ्याकडे आज आहे ते गोठवलेलं आहे. ताजं हवं असेल तर परवा सकाळी गाडीने पेटी येईल, तेव्हा या.’ इतके खरे उत्तर आम्हांस या शहरात प्रथमच मिळत होते. परवा गेलो. बर्फाच्या पेटीतून त्यांनी पापलेट काढून कल्ले उघडून दाखवले. घरी कालवण झाले. आत्याबाईंनी दोन घास खाल्ले, थांबल्या, आणि म्हणाल्या, ‘चांगलं आहे. पण मासा प्रवासानं दमलाय.’ मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘बरणीत सोडे आहेत का?’

सोडे होते. दुसऱ्या दिवशी खिचडी झाली आणि त्यांनी ती पोटभर खाल्ली. त्या दिवशी खिडकी लावायची आम्हांस आठवण झाली नाही; शेजारच्या सूनबाईंनी मात्र ‘कसला खमंग वास येतोय’ म्हणून चौकशी केली.

तेव्हापासून इंदुरात मासळी कुठे मिळते असे कोणी विचारले की आम्ही मोठ्या पाट्यांची नावे सांगत नाही. मासा केव्हा आणि कोठून आला हे न विचारता सांगेल, आणि आज नाही म्हणायला लाजणार नाही, अशा माणसाकडे जावे. ते न जमल्यास तलावाचा रोहू नीट आंबट घालून करावा. त्यात कमीपणा नाही. आणि ज्यांच्या फडताळात अजून ती जुनी बरणी आहे, त्यांनी ती रिकामी होऊ देऊ नये. आत्याबाई गेल्यावर आमच्या घरची बरणी आम्ही धुऊन ठेवली होती. या मे महिन्यात अलिबागेहून भाचा आला. त्याला निरोप धाडून सोडे मागवले, आणि ती पुन्हा भरली.